वरून दिसलेली गल्ली

लिफ्टवाल्यांची मुलगी विमानात बसून काम करते, हे ठाऊक नसलेला माणूस त्या गल्लीत शोधून सापडला नसता. आणि चुकून सापडलाच असता, तर लिफ्टवाल्यांनी त्याला दारात उभं करून सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं. त्यांची स्वतःची उभी हयात इमारतींच्या अंधाऱ्या बोळकांडांत, लिफ्टच्या दोरांना तेल-वंगण करण्यात गेली होती. "मी जन्मभर लोकांना वर पोचवलं," ते म्हणत, "पण गच्चीच्या वर काही मला जाता आलं नाही. पोरगी गेली."

पोरीला घरात चिऊ म्हणत. ती विमान चालवत नसे, त्यातल्या कॅमेऱ्याचं काम बघे. पण हा फरक लिफ्टवाले मनावर घेत नसत.

कॅमेरा म्हणजे गळ्यात अडकवायचा नव्हे. कपडे धुवायच्या यंत्राएवढा, चांगला जाडजूड. विमानाच्या पोटाला गोल भोक पाडून त्यात तो खाली तोंड करून बसवलेला होता. त्याला चार डोळे. तिघांना आपल्याला दिसतात ते रंग दिसत आणि चौथ्याला दिसे तो लालच्याही पलीकडचा प्रकाश, जो माणसाला दिसत नाही पण जिवंत पानावरून भरपूर उसळतो. त्यामुळे पान जिवंत आहे की नुसतं हिरवं आहे, हे त्या कॅमेऱ्यापासून लपत नसे. जंगलं किती आटली, तळी किती गाळाने भरली, हे सगळं त्याच्या फोटोंवरून नकाशात उतरवायचं, हे चिऊच्या कचेरीचं काम.

त्या वर्षी नगरपालिकेने शहराचं काम दिलं. एका संध्याकाळी जेवताना चिऊ सहज बोलून गेली, "पुढच्या आठवड्यात आपल्या गल्लीवरूनही उडणार आहोत. कुठल्या भागात किती हिरवळ आहे ते मोजायचंय, म्हणजे मग नव्या बागा कुठे—"

"बागा?" लिफ्टवाल्यांचा हात ताटातच थांबला.

बाग हा त्यांचा दुखरा कोपरा होता. गल्ली म्हणजे एकाला एक खेटून उभी घरं, वर सपाट सिमेंटच्या गच्च्या आणि खाली फरसबंदी. औषधाला झाड नाही. टोकाला बर्फाचा कारखाना होता, तो बंद पडून पाडला गेला आणि जागा मोकळी राहिली. त्या जागेवर बाग व्हावी म्हणून गल्लीच्या समितीचे अध्यक्ष या नात्याने लिफ्टवाल्यांनी नगरपालिकेत इतके हेलपाटे घातले होते, की तिथला शिपाई त्यांना बघून आपणहून खुर्ची पुढे करी. काम मात्र तसूभरही पुढे सरकलं नव्हतं.

"हो, बागा," चिऊ म्हणाली. "जिथे सगळ्यात—"

"कळलं. झाडांची कदर असणारी माणसं कुठे राहतात ते वरून बघणार, आणि त्यांना बाग देणार. बरोबर आहे. ज्यांना चार कुंड्या सांभाळता येत नाहीत, त्यांच्या हातात बाग देऊन करायचं काय?"

"बाबा, तसं नाहीये. उलट—"

"अहो, तिला बोलू तर द्या," चिऊची आई म्हणाली.

"बोलू दे की. मी कुठे अडवलंय?" असं म्हणत लिफ्टवाले हात धुवायला उठलेसुद्धा, आणि हात पुसता पुसता समितीच्या चिटणिसाला फोन लावून बसले. चिऊला दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळ गाठायचा होता. सामान भरायचं राहिलं होतं. बाबांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली, की ती आपोआप निघून जाईपर्यंत वाट बघायची, हे ती लहानपणापासून शिकली होती. तिने ताट उचललं आणि आत गेली.

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. हवाई फोटोच्या कामात उडणं कमी आणि आभाळाकडे बघत बसणं जास्त. एक ढग आडवा आला तर खालची अख्खी वस्ती गायब होते, आणि सूर्य खाली असला तर सावल्याच घरांपेक्षा मोठ्या येतात. त्यामुळे आभाळ निरभ्र हवं, सूर्य डोक्यावर हवा आणि दोन्ही एकाच दिवशी हवेत. ते जमेना. चिऊ आणि वैमानिक शेडमध्ये पत्ते खेळत बसले. वैमानिक म्हणजे सेवानिवृत्तीला टेकलेला, जगातल्या कुठल्याच गोष्टीची घाई नसलेला माणूस. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. ढग दिसला की तो खुशीत येई, कारण त्याचा डाव चांगला लागलेला असे.

घरी फोन केला, की आई काहीतरी लपवल्यासारखं बोले. "सगळं ठीक आहे. हे जरा गच्चीवर आहेत."

"गच्चीवर काय करतायत?"

"तुला वरून दिसेलच म्हणे. मी काही बोलायचं नाही अशी ताकीद आहे."

गच्चीवर काय चाललं होतं, ते चिऊला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं. लिफ्टवाल्यांनी गल्लीची बैठक बोलावली आणि विमान येतंय म्हणून सांगितलं. गल्लीत ज्या लोकांचं गटारावरूनसुद्धा एकमत होत नसे, त्यांचं यावर एका बैठकीत एकमत झालं. ज्यांच्याकडे खिडकीत एखादं रोप होतं त्यांनी ते गच्चीवर नेलं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी पाहुण्या-रावळ्यांकडून मागून आणलं. तरी गच्च्या उघड्याबोडक्याच दिसत होत्या. मग लिफ्टवाले रोपवाटिकेवाल्याकडे गेले. त्याच्याकडे एका हॉटेलने मागवून ऐनवेळी नाकारलेल्या लॉनच्या गुंडाळ्या पडून होत्या. खरं गवत, मातीसकट, सतरंजीसारखं गुंडाळलेलं. तसंच पडून राहिलं तर पिवळं पडणार म्हणून त्याच्या जिवाला घोर लागला होता. लिफ्टवाले म्हणाले, "पसरायला जागा आमची, पाणी आमचं. विमान गेलं की घेऊन जा." त्याने त्या गुंडाळ्या तर दिल्याच, वर शेकडो रोपंही आणून टाकली. एवढं सगळं जिन्यांवरून वर चढवायचं कसं, हा प्रश्न लिफ्टवाल्यांसाठी प्रश्नच नव्हता. त्यांनी जुन्या कप्प्या आणि दोर काढले आणि घराघराच्या कठड्याला रहाट बांधले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

एकच माणूस फुटून निघाला. समोरच्या घरातले चष्मेवाले. त्यांनी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं होतं आणि भिंगांतलं आपल्याइतकं गल्लीत कुणाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. लिफ्टवाल्यांशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "इतक्या उंचावरून रोप आणि रंग यात काय डोंबल फरक दिसणार?" ते म्हणाले, आणि त्यांनी हिरव्या रंगाचे डबे आणून आपली गच्ची कठड्यापासून कठड्यापर्यंत रंगवून काढली. पाणी घालायला नको, माती नको. बाकीची गल्ली सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहून कंबर धरत होती आणि चष्मेवाले आरामखुर्ची टाकून मजा बघत होते.

शेवटी एकदाचं आभाळ मोकळं झालं.

विमान शहरावर गेलं आणि ओळीशेजारी ओळ धरून, वीणकाम करावं तसं इकडून तिकडे फिरू लागलं. चिऊ मागच्या जागेवर कॅमेऱ्याच्या पडद्यापुढे बसलेली. पायाशी कॅमेरा दर काही क्षणांनी खट्ट करी. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर अर्ध्याहून जास्त चढला पाहिजे, ओळ भरकटता कामा नये, उजेड कमी-जास्त व्हायला नको. यातून मान वर काढायला सवड नव्हती.

"ती बघ तुमची बाजू आली," कॅप्टन हेडफोनमधून म्हणाला. "केवढी हिरवीगार आहे गं. मी समजत होतो तुम्ही सिमेंटात राहता."

"उजवीकडे सरकताय तुम्ही," चिऊ म्हणाली. "ओळीवर या."

तो ओळीवर आला. गल्ली मागे गेली.

कचेरीत परतल्यावर फोटो उघडायचं काम सुरू झालं. खिडक्यांचे पडदे ओढलेले, भिंतीपाशी संगणकाचे मोठे पडदे मांडलेले, आणि चार-पाच माणसं मुकाट्याने त्यांच्यात डोळे घालून बसलेली. न दिसणारा प्रकाश पडद्यावर दाखवायला लाल रंग वापरत. त्यामुळे जिवंत पानाचा प्रत्येक ठिपका लालभडक दिसे. नदीकाठ लाल, मैदानं लाल, आणि दाट वस्त्या शिळ्या राखेसारख्या करड्या. आपल्या भागाचा फोटो उघडताना चिऊने मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. कॅप्टनचं बोलणं तिने थट्टेवारी नेलं होतं; ती राख बघायच्या तयारीतच होती.

पडद्यावर शेंदूर सांडल्यासारखी गल्ली उमटली.

आधी तिला वाटलं, फोटोच चुकीचा लागलाय. मग तिला टोकाची बर्फाच्या कारखान्याची जागा दिसली, आणि मधलं ते एकच घर, ज्याची गच्ची मेलेल्या करड्या रंगाची होती. साध्या रंगात तीच गच्ची सगळ्यांहून जास्त हिरवी दिसत होती. तिने फोटो मोठा केला. स्वतःच्या गच्चीवर लालभडक गवत, कडेने रोपांचे ठिपके, आणि मधोमध एक चकचकीत गोल. बाबांचं टक्कल. बाजूला छोटीशी सावली पडली होती आणि सावलीचा हात वर होता. तिने पुढचा फोटो उघडला. हात वरच. त्याच्या पुढचा उघडला. विमान पार पलीकडे गेलं होतं, तरी हात वरच.

तिने पडद्यावरची नजर काढून टेबलावर ठेवली. हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. कारण बागा कुणाला द्यायच्या, ते त्या टेबलावरच्या कागदात स्वच्छ लिहिलेलं होतं. ज्या भागात जिवंत पान सगळ्यात कमी, आणि जिथे मोकळी जागा आहे, तिथे आधी. तिची गल्ली जशी होती तशी राहिली असती, तर यादीत पहिलं नाव तिचंच लागलं असतं. त्यात तिळमात्र शंका नव्हती.

ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. बाई हुशार, नाकासमोर चालणाऱ्या आणि नियमाला चिकटून राहणाऱ्या. चिऊने काही आडपडदा ठेवला नाही. ही आमची गल्ली, हे माझे वडील, ही हिरवळ इथे नसते.

बाईंनी तीनही फोटो पाहिले. "गवत खरं आहे?"

"खरं आहे."

"जिवंत आहे?"

"आहे. पण ते—"

"मग फोटो खोटा कसा म्हणायचा? कॅमेऱ्याने त्या दिवशी जे होतं ते टिपलं." बाईंनी वही पुढे ओढली. "शंका घेतलीस ते चांगलं केलंस. आपल्याकडे सोय आहे. ही गल्ली आपण शंकास्पद म्हणून जमिनीवरच्या पाहणीला पाठवू. वनस्पतीवाल्या बाई जाऊन स्वतः बघतील. पण तू तिथली आहेस. निकाल लागेपर्यंत घरी एक अवाक्षर काढायचं नाही. काढलंस तर पाहणीला अर्थ उरणार नाही."

"नाही काढणार," चिऊ म्हणाली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. पाहणीला येणाऱ्या माणसाला रिकाम्या गच्च्या दिसतील आणि सगळं आपोआप जागेवर येईल. कुणाला काही सांगावं लागणार नाही आणि बाबांचा पाणउताराही होणार नाही.

घरी गेली तेव्हा लिफ्टवाले दारातच होते. "दिसलं का काही?" त्यांनी जमेल तितक्या सहजपणे विचारलं.

"विमानात मान वर करायला वेळ नसतो, बाबा."

"फोटोत दिसेल," ते म्हणाले. त्यांचा चेहरा क्षणभर पडला आणि लगेच सावरला. चिऊ चपला काढून गच्चीवर गेली. गवताच्या गुंडाळ्या परत गेल्या होत्या. गच्चीवर नुसतं सिमेंट होतं, आणि त्या सिमेंटकडे इतक्या प्रेमाने तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

तिचा सगळा हिशेब बरोबर होता. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. सरकारी माणूस पाहणीला येतो तेव्हा आधी कळवून येतो, आणि कळवायचं ते समितीच्या अध्यक्षाला.

एका सकाळी चिऊ कचेरीला निघाली, तर शेजारच्या कठड्यावरून गवताची गुंडाळी दोराने डुलत डुलत वर चालली होती. खाली लिफ्टवाले दोर धरून उभे, बाह्या वर सारलेल्या.

"हे काय चाललंय, बाबा?"

"उद्या पाहणी आहे. हिरवळ खरोखर आहे का ते बघायला बाई येणार आहेत." त्यांनी आवाज खाली आणला. "काळजी करू नकोस. सगळी व्यवस्था केली आहे."

"नका करू," चिऊ म्हणाली. "गच्च्या जशा आहेत तशाच दिसू द्या ना. काय बिघडतंय?"

लिफ्टवाल्यांनी दोराला गाठ मारली आणि ते तिच्याकडे वळले.

"काय बिघडतंय? अगं, वरून तू हिरवं टिपलंस. उद्या या बाई येऊन म्हणाल्या, की खाली तर काहीच नाही, तर खोटं कोण पडेल? तुझा कॅमेरा. तुझी नोकरी. बाग मिळो न मिळो. पण माझ्यापायी तुझ्याकडे कुणी बोट दाखवलेलं मला चालायचं नाही."

गोष्ट जिभेच्या टोकावर आली होती. बाबा, रिकामं ठेवा, रिकामं ठेवलं तरच बाग मिळेल. पण तिने विभागप्रमुख बाईंना शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही हे तिला ज्याने शिकवलं तो माणूस दोर धरून समोर उभा होता.

"सांभाळून करा. कंबर धरेल," एवढंच ती म्हणाली आणि निघाली.

पाहणीला आलेल्या बाई वनस्पतींच्या वेडाने झपाटलेल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना कागदावर झाडं आणि जागेवर खुंट बघायची सवय झाली होती. इथे कागदावर होतं त्याहून जागेवर जास्त बघून त्यांना भरून आलं. त्यांनी प्रत्येक गच्ची चढून पाहिली. पानं चुरगळून वास घेतला, माती बोटांनी उकरली. चष्मेवाल्यांच्या गच्चीवर त्या क्षणभर थांबल्या आणि वहीत एक फुली मारून खाली उतरल्या. निघताना त्यांनी लिफ्टवाल्यांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखे लोक सगळीकडे हवेत," त्या म्हणाल्या. लिफ्टवाल्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं.

मग यादी जाहीर झाली.

बर्फाच्या कारखान्याची जागा यादीत कुठेच नव्हती. पहिली बाग बंगल्यांच्या वसाहतीला मिळाली. तिथल्या लोकांनी छपरांवर उन्हावर वीज करणारे सोलर पॅनेल बसवले होते, आणि पॅनेलवर सावली पडते म्हणून विमान येण्याच्या आधीच मोठी मोठी झाडं मुळापासून उतरवली होती. पर्यावरणासाठीच उतरवली होती, असं ते सांगत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. लिफ्टवाल्यांच्या गल्लीला एक फलक मिळाला. 'आदर्श हरित गल्ली'. पत्र्याचा, चार खिळ्यांसह. आणि गल्लीत जी घरं ओसाड आढळली त्यांना नगरपालिका दारात एक मोठं झाड लावून देणार होती. असं घर एकच निघालं. दोन माणसं आणि एक गाडी येऊन चष्मेवाल्यांच्या दारात झाड लावून गेली. चष्मेवाल्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. नुसती खुर्ची गच्चीवरून खाली आणली आणि सावलीत मांडली. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं, असं लिफ्टवाल्यांना वाटलं.

यादीखाली निकष छापले होते. लिफ्टवाल्यांनी ते चष्मा लावून वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि गच्चीवर गेले. चिऊ त्यांच्या मागोमाग गेली.

"जिथे सगळ्यात कमी," ते म्हणाले. "तिथे बाग."

"हो."

"तू सांगितलं नाहीस."

"पहिल्या दिवशी सांगत होते, बाबा. तुम्ही हात धुवायला उठलात."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी नाही सांगितलं," ती म्हणाली. "कचेरीतल्या बाईंना शब्द दिला होता."

लिफ्टवाले कठड्याला टेकून कारखान्याच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. "दोघंही आपापल्या जागी शहाणे," ते शेवटी म्हणाले, "आणि मधल्या मधे गल्ली बुडाली."

गल्लीने त्यांना वाळीत टाकलं नाही, पण दुकानात ते दिसले की लोकांना अचानक किल्ल्या सापडेनाशा होत. ज्यांनी बादल्या वाहिल्या होत्या त्यांना आता आपण पहिल्यापासून विरोधात होतो हे आठवायला लागलं. चिऊची आई तेवढी म्हणाली, "मी म्हटलं होतं, तिला बोलू द्या." आणि तिने ते एकदाच म्हटलं, हे तिचे उपकारच होते.

शेवटी न राहवून लिफ्टवाले धुतलेला सदरा घालून चिऊच्या कचेरीत गेले, थेट विभागप्रमुख बाईंपुढे. चिऊ आपल्या पडद्यापुढून उठून दारात येऊन उभी राहिली.

"हिरवळ उसनी होती," लिफ्टवाले म्हणाले. "दोन्ही वेळा. मुलीचा काही संबंध नाही. मीच केलं."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. "अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या, "वरून घेतलेला फोटो म्हणतो हिरवळ आहे. खालची पाहणी म्हणते आहे. तुम्ही एकटे म्हणता नाही. आणि नोंदलेली हिरवळ आता नाही असं तुम्ही लिहून दिलंत, तर ती काढली का म्हणून मला तुमच्याच गल्लीला नोटीस काढावी लागेल."

"म्हणजे मी खरं बोललो तर गुन्हा, आणि खोटं बोललो त्याचा फलक?"

"तसं म्हटलं तर तसंच."

"मॅडम," चिऊ दारातून म्हणाली, "पाहणीच्या आदल्या दिवशी गवत वर जाताना मी बघितलं होतं. घरी बोलायचं नाही असं तुम्ही सांगितलंत. पण इथे येऊन तुम्हाला सांगायला कुणी अडवलं नव्हतं. मी नाही सांगितलं."

खोलीतल्या बाकीच्यांनी पडद्यांत आणखी डोळे घातले. बाईंनी पेन खाली ठेवलं. लिफ्टवाले मुलीकडे बघतच राहिले. ही गोष्ट तिच्याकडून ऐकावी लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि ऐकल्यावर त्यांची मान खाली गेली की वर, तेही त्यांना उमजेना.

"का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"ते माझ्यासाठी करत होते."

बाईंनी तिला त्या हंगामापुरतं विमानातून काढून कचेरीत बसवलं. तो निर्णय चिऊला योग्यच वाटला, आणि म्हणून जास्त लागला. पण गल्लीच्या बाबतीत बाईंनी एक वाट काढली. शहराचे काही फोटो ढगाच्या सावलीने बिघडले होते, त्यासाठी विमान पुन्हा जायचंच होतं. गल्ली त्याच ओळीत धरता येईल. "त्या दिवशी जे असेल ते असेल," बाई म्हणाल्या. "ते शेवटचं."

निघताना लिफ्टवाल्यांनी फोटो बघायला मागितला. चिऊने तो पडद्यावर लावला, मोठा करून दाखवला. ते वाकून बघत राहिले. "टक्कल केवढं दिसतंय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तू बघितलं होतंस तर. दिसलं नाही म्हणालीस."

"इथे दिसलं."

"तेच ते," म्हणून ते निघाले.

लिफ्टवाल्यांनी पुन्हा बैठक बोलावली. आता सांगायचं सोपं होतं. विमान येतंय, गच्च्या रिकाम्या ठेवा, बाग आपलीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, आणि ती कुणी कुणाच्या सांगण्यावरून केलेली नव्हती. गवताच्या गुंडाळ्या रोपवाटिकेवाल्याने परत नेल्या होत्या. लहान रोपं दोनदा वर-खाली करण्याचा त्याला कंटाळा आला आणि त्याने ती तशीच सोडून दिली. लोक एव्हाना पाणी घालायला वर जायला सरावले होते. वर वारा लागे, शेजारच्या गच्चीवरच्याशी चार शब्द होत. शिंपीणबाईंच्या वेलाला कळ्या धरल्या होत्या. चिटणिसाच्या सासूने दुधीचे मांडव घातले होते, आणि त्या म्हातारीला कुठल्याही यादीत रस नव्हता.

"बाकीच्यांनी काढल्या की मी काढते," शिंपीणबाई म्हणाल्या. "माझ्या दोन कुंड्यांनी काय फरक पडणार?"

"आत्ता हलवल्या तर कळ्या गळतील."

"आमच्याकडे जिना अरुंद आहे."

घरागणिक एक कारण निघालं, आणि प्रत्येक कारण खरं होतं. खोटं दाखवायला एका बैठकीत एकवटलेली गल्ली खरं दाखवायला काही केल्या एकवटेना. लिफ्टवाल्यांनी कप्प्या आणि दोर बाहेर काढून ठेवले. कुणी मागायला आलं नाही. शेवटच्या दिवशी ते स्वतःच्या गच्चीवर गेले, कोपऱ्यातल्या एका रोपाची कुंडी उचलली, जिन्यापर्यंत नेली आणि परत जागेवर आणून ठेवली.

"काय झालं?" चिऊच्या आईने विचारलं.

"याला खाली ऊन मिळायचं नाही," ते म्हणाले.

विमान आलं तेव्हा चिऊ घरीच होती. खालून ते तिने पहिल्यांदाच पाहिलं. एवढंसं, घाई नसलेलं, आवाज आधी आणि विमान मागून. गल्लीतले लोक आपापल्या गच्चीवर होते, पण मान वर करून बघणारे थोडे. चिटणिसाची सासू मांडवाला काठी लावत होती, आणि ती बांधायची कशी म्हणून लिफ्टवाल्यांना पलीकडून हाका मारत होती. लिफ्टवाले कठड्यावरून वाकून काठी कशी बांधायची ते सांगण्यात गुंतले.

या खेपेला गल्ली फोटोत फिकट लाल निघाली. बाग मिळण्याइतकी ओसाड नाही आणि फलक ठेवण्याइतकी हिरवीही नाही. नगरपालिकेचा माणूस येऊन फलक काढून घेऊन गेला, खिळे तिथेच राहिले. बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर गाड्या उभ्या करायची सोय झाली. चिऊ पुढच्या हंगामात पुन्हा विमानात बसू लागली. लिफ्टवाले अजून अध्यक्ष आहेत, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. समितीची बैठक आता कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर भरते. बागेचा विषय पहिला असतो, आणि त्यावर बोलणं सुरू व्हायच्या आत कुणीतरी पाण्याची बादली आणायला उठतं.